नुसते ओठ

मंडळी, कुणाचा गळा दाबला तर पोलीस येतात. बरोबर? आणि गळ्यातलं गाणं दाबलं तर? कोण येतं? — बघा, सगळे गप्प! मग ऐका.

आमच्या गावच्या शाळेत सहावीला एक पोरगा होता, गहिनीनाथ. आवाज असा, की प्रार्थना सुरू झाली की रस्त्यावरची माणसं सायकलवरून उतरायची! आणि बाकीची पोरं? नुसते ओठ हलवायची. गाणं म्हणजे मुलींचं काम ना! हसता काय? तुम्हीही तेच केलंय!

एक दिवस चौरेबाई म्हणाल्या, "गहिनी, तुझा सूर मुलींशी जुळतो. उद्यापासून त्यांच्या रांगेत उभा राहा." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं हो! पण पोरगा त्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि मागून हाक आली — "गहिनाबाई!" अख्खी शाळा हसली. घरी गेला, तर बाप म्हणतो, "बायकी थेरं बंद कर. बाप्या माणसासारखा राहा!"

दुसऱ्या दिवशी गहिनी मुलांच्या रांगेत. ओठ हलतायत — आवाज नाही. झाला पुरुष! वाजवा टाळ्या! का नाही वाजवत?

तीस वर्षं गेली. त्याची आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "गहिन्या, ती शाळेतली प्रार्थना म्हण रे. तेवढी ऐकते अन् जाते." घर भरलेलं. भाऊबंद, मेहुणे, सगळे बाप्ये भिंतीला टेकून बसलेले. गहिनीनं त्यांच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलले, एक शब्द चुकला नाही. आवाज मात्र फुटला नाही!

आई म्हणाली, "म्हणतोयस ना? दिसतंय मला. माझेच कान गेले बघ."

त्याच समजुतीत ती माउली गेली, मंडळी. लेकानं गायलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही, असं धरून गेली.

मला कसं ठाऊक? मी उंबऱ्यात उभा होतो. आणि शाळेतली ती पहिली हाक — ती माझी! याच तोंडानं मारलेली. माफी मागायला गेलो, तर गहिनी म्हणाला, "जाऊ द्या, महाराज." आमच्या भजनात टाळ धरतो. गात नाही.

आता नामाचा गजर करू. बाप्यांनो, मघाशी अभंग चालला होता तेव्हा मी बघत होतो. बायकांच्या बाजूनं आवाज येत होता. तुमच्याकडून नुसते ओठ! आणि तुमची पोरं तुमच्या मांडीवर बसून तेच बघतायत. म्हणा मोठ्यानं — विठ्ठल!

...काय झालं? म्हणालात ना? की माझेच कान गेले?