भिंतीला भोक नको
नळाचे वायसर घ्यायला आलेला प्लंबर हार्डवेअरच्या दुकानात ताटकळला होता. पुढे ताठ कण्याचे एक निवृत्त फौजी आणि त्यांची लेक. दोघांची जुंपली होती.

“खिळा कशाला? फोटो टेबलावर बरा आहे की.”

“वर्ष झालं, बाबा! आई टेबलावर भिंतीला टेकून उभी आहे.”

“चिकटणारी टेप घे. भिंत खराब होत नाही.”

“भिंत, भिंत, भिंत! लहानपणापासून तेच. ‘क्वार्टर सरकारचं आहे, घेतलं तसं परत द्यायचं.’ माझी चित्रं कुठे लागायची, आठवतं? ट्रंकेच्या झाकणाला, आतून!”

“घर सोडताना तपासणी व्हायची, बाळा. एकेक भोक बघायचे.”

“आणि आई म्हणायची, रडू नकोस, आपलं घर झालं की लावू. झालं ना घर? तिने त्यात एक कॅलेंडर तरी लावलं का?”

“तिने कधी विचारलं नाही.”

“कशाला विचारेल? तुमचं उत्तर तिला तोंडपाठ होतं!”

फौजी दुकानदाराकडे वळले. म्हणाले, “बरं, एक खिळा द्या. आणि पुट्टीचा छोटा डबा.”

“पुट्टी कशाला?”

“भोक बुजवायला. घर सोडताना लागते.”

“आता कुठे जायचंय आपल्याला, बाबा? घर कुणाला परत द्यायचंय?”

लेकीने डबा मागे सरकवला.

“हा ठेवा, दादा. आणि एक खिळा नको. किलोभर द्या. सगळ्यात लांब असतील ते.”