तारांसाठी भांग

(अमेरिकेतलं मेम्फिस शहर. चर्चच्या तळघरात विद्यापीठाची शनिवारची मेंदूची मोफत तपासणी.)

व्हर्लीन : कात्री आणली असेल तर आधीच सांगा, डॉक्टर. नातीला घेऊन ही मी उठले.

ओडेट : कात्री नाही, व्हर्लीनआजी. फणी आहे.

व्हर्लीन : दोन दवाखाने झाले. एवढ्या दाट केसांतून तारा टाळूला टेकत नाहीत, मेंदूचा आलेख निघत नाही, डोकं भादरून आणा म्हणे. नऊ वर्षांच्या पोरीचं!

तालिया : माझं डोकंच चुकीचं आहे.

ओडेट : डोकं ठीक आहे गं. आपल्या काळ्या माणसांचे केस समोर ठेवून ती तारांची टोपी कुणी केलीच नव्हती. मग संशोधनातून आपल्यालाच वगळायचे. मी तारांच्या रेषेत भांग पाडते आणि मधले केस वेण्यांत घट्ट बसवते. दुखलं तर सांग.

तालिया : आजीपेक्षा हळू ओढता तुम्ही.

व्हर्लीन : ऐका! विद्यापीठात वेण्या शिकवतात वाटतं?

ओडेट : मावशीच्या पार्लरात शिकले. विद्यापीठाला मी शिकवल्या.

व्हर्लीन : शाळा म्हणते, ही वर्गात तंद्री लावून बसते. सोमवारी मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात टाकणार. तुमच्या यंत्रात काही दिसलं नाही, तर मी तिथं बोलू काय?

ओडेट : बघू या. भराभर श्वास घेतल्यावर ती तंद्री लागते का, ते कळेल. तालिया, ही कागदी भिंगरी. फुंकत राहा. अजून जोरात. शाबास.

व्हर्लीन : थांबलीस का? फुंक ना! तालिया! अगं, मी बोलतेय!

ओडेट : तिला आत्ता ऐकू येत नाही, आजी. पडद्याकडे बघा.

व्हर्लीन : अगं बाई! हे डोंगरच डोंगर कसले?

ओडेट : हा मेंदूतला झटका, न पडता येणारी फिट. तेवढ्या वेळापुरती ती इथं नसते.

तालिया : ...अजून फुंकू?

व्हर्लीन : थांबल्याचं हिला कळलंसुद्धा नाही! डॉक्टर, बरी होईल ना?

ओडेट : औषध आहे. बहुतेक मुलांना लागू पडतं. सोमवारी हा आलेख शाळेत दाखवा. मीही येते.

व्हर्लीन : तुमचे हात द्या इकडे. फणी राहू द्या खाली. नुसते धरू द्या जरा.

तालिया : म्हणजे लक्ष नाही म्हणून वर्गात बाई ओरडायच्या, पण मी लक्ष देत होते?

ओडेट : देत होतीस. जेवढा वेळ तू इथं होतीस, तेवढा सगळा वेळ.