वाढलेला पगार जातो कुठे?

सन्माननीय अध्यक्ष महाराज, करखात्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरची थोर मंडळी, कारखान्यातले सगळे दादा-ताई आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे,

सत्कारमूर्तींच्या पत्नीने दोन शब्द बोलावेत, असं तुम्ही म्हणालात. दोनावर भागायचं नाही, आधीच सांगते.

यांचं आयुष्य तुमच्या रंगखात्यात गेलं. शर्टावर रोज नवा डाग. धुण्याआधी तो मी उजेडात धरून बघायची. हसताय काय? माझ्या जागी असतात तर तुम्हीही बघितला असता! दरवर्षी शेजारीण, म्हणजे फोरमनसाहेबांची बायको, दारात येऊन सांगायची, "वहिनी, अभिनंदन हं, घसघशीत वाढ मिळाली!" आणि घरात काय यायचं? जेमतेम एखाददुसरी जास्तीची नोट. मग बाकीची वाढ मुरायची कुठे? विचारलं की हे म्हणायचे, "कापली." कोणी कापली, का कापली? की यांचं तोंड वर्तमानपत्रात. मी काय समजायचं, सांगा बरं? यांचं बाहेर काहीतरी आहे, अशी माझी खात्रीच झाली.

कित्येक वर्षं आम्ही एका घरात राहून धड बोललो नाही. निवृत्ती जवळ आली तशी मी धास्तीने दिवस मोजायला लागले. हा माणूस आता दिवसभर समोर बसणार!

मागच्या आठवड्यात सह्यांसाठी मलाही इथे बोलावलं होतं. हिशेबखात्यातल्या बाईंना मी यांच्यादेखतच विचारलं, "बाई, खरं सांगा, यांची वाढ जाते कोणाकडे?"

बाईंनी नीट समजावलं. महागाई वाढली म्हणून पगार वाढला. पण जास्त दराचा कर जिथून सुरू होतो, ती मर्यादा वर्षानुवर्षं जागची हलली नाही. त्यामुळे हे नुसत्या महागाईच्या पैशाने वरच्या टप्प्यात ढकलले गेले. वाढीतला मोठा घास करात गेला, आणि हातात आलेलं बाजाराने खाल्लं.

मी वळून यांच्याकडे बघितलं. तर हे काय म्हणाले, माहीत आहे? "म्हणजे ही माहेरी पैसे पाठवत नव्हती?"

घ्या! दरवर्षी थोडे जास्त देतो तरी हिला पुरत नाहीत, म्हणून या गृहस्थांचा संशय माझ्यावर! माझ्या भावाने स्कूटर घेतली तेव्हा का तोंड फिरवून बसले होते, ते मला आत्ता कळलं. मी आधी भडकले, मग तिथेच रडू कोसळलं. यांचेही डोळे भरले होते. कशापायी घालवली हो आम्ही एवढी वर्षं?

पाहुणेसाहेब, तुम्ही मघाशी म्हणालात, अर्थव्यवस्था वाढली, उत्पन्नं वाढली, करही जास्त जमतोय, ही सुबत्तेची खूण आहे. या आमच्या स्वयंपाकघरात, आणि दाखवा सुबत्ता कुठल्या डब्यात आहे ती! रस्ते, दवाखाने करातूनच होतात, तेवढं मला कळतं. पण ती मर्यादा वर सरकवायला कोणी हात धरला होता? विसरलात, की विसरणं सोयीचं होतं? घड्याळ नका बघू, आटोपतेच.

यांचा एवढा मान केलात, मनापासून आभार. बोलताना जीभ घसरली असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. इतकी वर्षं मी यांच्यावर आणि यांनी माझ्यावर नजर ठेवली. आता दोघांनाही वेळच वेळ आहे, साहेब. उद्यापासून आम्ही दोघं मिळून तुमच्यावर ठेवणार.