आत्याच्या हळदीच्या गाण्याला माझी साथ

माझ्या पेटीवरून एवढे हसता, तर हेही ऐकून घ्या. गेल्या वर्षी मला स्कॉटलंडच्या लोकगीतांचं वेड लागलं होतं. शेतकऱ्या-कोळ्यांची साधी गाणी. पण युरोपातल्या बड्या संगीतकारांनी त्यांना पियानो-व्हायोलिनची साथ दिली, आधी आणि शेवटी स्वतःच्या सुरावटी जोडल्या. त्यातल्या काहींनी स्कॉटलंड पाहिलंसुद्धा नव्हतं. म्हटलं, आपण तर दर रविवारी आत्याच्या गावी, पावसला जातो.

पावसची माझी आत्या हळदीची गाणी सुरेख म्हणते. माझ्या पुतणीच्या हळदीत तिला साथ द्यायची म्हणून मी महिनाभर सुरावट बसवली.

नवरी पाटावर बसली. बायका आंब्याची पानं हळदीत बुडवून पुढे आल्या. आत्या गाणं उचलणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब आत्या, आधी माझी सुरावट."

मी डोळे मिटून वाजवू लागलो. न्हाणाचं ऊन पाणी निवेल म्हणून बायका काही थांबल्या नाहीत. डोळे उघडले तेव्हा नवरी न्हायला गेलेली.

"आता म्हण, आत्या."

"कोणाला लावताना म्हणू, मेल्या? हळद लागली, गाणं संपलं."

"महिनाभर खपलोय गं."

आत्याला दया आली. "मग बस पाटावर."

बसलो, या वयात. माझ्या हातापायांना हळद चोळत आत्यानं अख्खं गाणं म्हटलं. पेटी कोपऱ्यात गप्प होती. गाणं इतकं रंगलं की आतल्या बायकाही बाहेर आल्या.

साथ नव्हती म्हणूनच रंगलं, असं आमच्या हिचं मत आहे.