विमानं बघायला मीच नेलं

हो, मीच नेलं. तिच्या आईने नाही, बापाने नाही — मी. तेव्हा काय बोलायचं ते माझ्याशीच बोला, बाई. बसा ना, त्या खुर्चीवरचे कपडे सरकवा बाजूला, उसवायचेच आहेत ते. मशीन थांबवत नाही, राग मानू नका — हा कोट न्यायला येतीलच आता. तर माझी नात वर्गात काहीतरी बोलली आणि दुसरी एक मुलगी रडायला लागली, एवढंच ना? त्यासाठी शाळा सुटल्यावर तुम्हाला माझ्या दुकानाचा जिना चढावा लागला. लहान पोरांना असलं कशाला दाखवायचं, असं तुमचं म्हणणं. सहाची ती, चारचा धाकटा नातू. दोघांना नेलं.

अहो, अख्खं शहर लोटलं होतं त्या मैदानावर — डबे काय, सतरंज्या काय, बापांच्या खांद्यावर पोरं काय. जुनी लढाऊ विमानं, नवा रंग देऊन नटवलेली. दोघांच्या कानांवर बांधायला मी कापूस भरून पट्ट्या शिवून नेल्या होत्या, म्हणजे काळजी मलाही आहे बरं का. पंखा फिरायला लागला, ते धूड दोनदा खोकलं, धूर ओकलं आणि उडालं — खोटं कशाला बोलू, देखणं उडालं. धाकटा तर हरखून गेला. लाउडस्पीकरवाला सांगत होता, वेग किती, बंदुका किती, एका दमात गोळ्या किती. नातीने माझा पदर ओढला. ‘आजी, पण गोळ्या कोणावर झाडायचे?’ आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. काय सांगायचं होतं मी? ढगांवर? मी म्हटलं, ‘आमच्यावर.’

मग ते खाली आलं, अगदी डोक्यावरून. आणि मी — हसू नका — मी गवतात पालथी. हे वय, हे गुडघे. एरवी खाली पडलेली सुई उचलायला पोरांना हाक मारते मी. लोक पाणी घेऊन धावले, म्हणाले चक्कर आली. चक्कर कसली? नात शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘तुला लागलं होतं का तेव्हा?’ तेव्हा सांगितलं. तिथेच, गवतात बसून. की मी सात वर्षांची होते, भाऊ चारचा, पाण्याच्या रांगेत उभे होतो आम्ही, आणि हाच आवाज आला. मी घरी आले, तो नाही आला. का नाही सांगायचं? माझ्या आईने त्याचं नाव काढायची बंदी घातली, त्याचे कपडे कुठे गेले, कुणाला दिले, मला आजतागायत माहीत नाही. मग मीही गप्प. माझ्या लेकीला अजून वाटतं की मी एकुलती एक. आणि काय मिळालं गप्प राहून? कुणी दार आपटलं तरी मी या टेबलाखाली लपायला बघते. नातीला आवाजही कळू दे आणि तो कशाचा आहे तेही कळू दे. ती वर्गात खोटं नाही बोलली. आणि भावाचा हात सोडल्याचं सांगितलं असेल, तर तेही खरंच आहे. मीच सोडला. त्याची चप्पल चिखलात रुतली होती, तो ती ओढत बसला, आणि मी —

काय? नाही सांगितलं?

विमानाने आजीच्या भावाला मारलं — एवढंच बोलली ती?

थांबा जरा.

मी तिला म्हटलं नव्हतं हो, की हे कुणाला सांगू नकोस म्हणून. तिचं तिनेच ठरवलं. सहा वर्षांची पोर.

असं बघू नका माझ्याकडे, बाई. पाणी नको मला. पुढच्या वर्षी ती विमानं पुन्हा उडवणार आहेत, आणि मी पुन्हा जाणार आहे. दोघांना घेऊन. पडले तर पडले. आणि तुमची ती रडणारी मुलगी — तिच्या आईची हरकत नसेल तर तिलाही नेईन, ती विचारेल ते सगळं सांगेन. उठा आता. लेकीची यायची वेळ झाली, जिन्यातच भेटेल. शाळेचं काय ते तिला सांगा. दुसरं मी सांगेन, आजच सांगेन — माझ्या तोंडाने. दार ओढून घ्या जाताना.