चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुरबाड स्टँडवर, वैशाखऱ्याच्या एसटीसाठी माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते. त्याच्या हातात बुटांचा खोका.

"वर्षभर जोडत होतो गो ही वीतभर गाडी! अमेरिकेतलं जुनं रेसचं मॉडेल. प्लास्टिकचे सुटे भाग; बॉडी एका किटची, इंजिन दुसऱ्याचं, चाकं तिसऱ्याची!"

"आईंनी पूजाच केली ना?"

"पूजेला कोण नाय बोलतंय? चाकाखाली लिंबू कशाला?"

"नव्या गाडीला ठेवतातच की."

"अगो, लिंबू चाकापेक्षा मोठं! फुटेना म्हणून आईनं गाडी वरून दाबली. एक्सलच मोडला!"

"मंग आईंना का नाय बोललात? माझंच डोकं खाताय सकाळपासून."

"काय बोलू? आळीत पेढे वाटत होती. घरात पहिली गाडी आली म्हणून."