विसाव्या प्रश्नाचं उत्तर

२०१९ ची निवडणूक आठवड्यावर आली होती. कॅनडातल्या मिल्टन गावच्या एका गॅरेजमध्ये विंटर टायर बसवून घ्यायला मी थांबलो होतो. शेजारी उमेदवार सलोनी आणि तिचा प्रचार सांभाळणारा जयदीप बसले होते. बंदूकधारकांच्या संघटनेने कुणाकुणाला पाठिंबा दिला, त्याची यादी जयदीपच्या फोनवर नुकतीच आली होती.

“तुझं नाव नाही. पाठिंबा पुन्हा इथल्या सध्याच्या खासदारालाच!”

“वाटलंच होतं.”

“अगं, दर रविवारी शूटिंग रेंजवर तू जातेस. त्याने जन्मात बंदूक हातात धरली नाहीये!”

“नेम कुणाचा चांगला, हे त्यांना नको असतं. संसदेत मत कुठे पडेल, एवढंच हवं असतं.”

“मग त्यांनी पाठवलेला प्रश्नांचा फॉर्म नीट भरायचास ना! एकोणीस उत्तरं त्यांच्या मनासारखी, आणि विसावं?”

“बंदुकीचं लायसन्स देण्याआधी अर्जदाराच्या बायकोला विचारावं का, असा प्रश्न होता. मी ‘हो’ लिहिलं.”

“बदल ना ते! आज बदललं तर नाव घालतो म्हणालेत. एका शब्दासाठी इलेक्शन घालवणार?”

“शिवांगीच्या नवऱ्याने अर्ज केला, तेव्हा तिला लायसन्स ऑफिसमधून फोन आला होता. ती म्हणाली, मला या माणसाची भीती वाटते. त्याला लायसन्स मिळालं नाही.”

“शिवांगी? माझी बहीण?”

“हो.”

“मला कधी बोलली नाही ती.”

“तू चिडून काय करून बसशील, याचीही भीती होती तिला.”

“…हॅलो, जयदीप बोलतोय, सलोनीच्या ऑफिसमधून. नाही, उत्तर बदलायचं नाहीये. यादी तशीच छापा.”